हत्तीरोग : निदानापासून पायाच्या निगेपर्यंत

भंडारा जिल्ह्यातील आमच्या भागात हत्तीरोग नवा नाही. तरीही माझा डावा पाय सुजू लागला तेव्हा रोवणीचे दिवस होते, त्यामुळे बांधीतल्या चिखलात उभे राहून सूज आली असेल असेच घरच्यांना वाटले. थंडी वाजून ताप यायचा, जांघेत अवधाण यायचे, पायाची कातडी लाल होऊन तापायची आणि काही दिवसांत सारे ओसरायचे. मात्र दर खेपेला घोट्यावर सूज आधीपेक्षा थोडी जास्त उरायची.

प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासायला सांगितले, तेही रात्री. हत्तीरोग ज्या कृमींमुळे होतो त्यांच्या सूक्ष्म अळ्या, म्हणजे मायक्रोफायलेरिया, साधारणपणे रात्री १० ते २ या वेळात बोटाच्या रक्तात सापडतात, आणि हा रोग पसरवणारा क्युलेक्स डासही रात्रीच चावतो. आरोग्यसेवक घरी येऊन बोटाला टोचून काचपट्टीवर रक्त घेऊन गेले. अहवालात काहीच निघाले नाही, म्हणून सासूबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. पण डॉक्टरांनी समजावले की पाय सुजेपर्यंत लसिका वाहिन्यांना (अंगात साचणारा पातळ द्रव, म्हणजे लसिका, वाहून नेणाऱ्या नळ्यांना) इजा होऊन गेलेली असते आणि अशा रुग्णांच्या रक्तात अळ्या बहुधा मिळत नाहीत. असा कोरा अहवाल दाखवून उपचार सोडणारी माणसे मी पुढे बरीच पाहिली.

वजनाप्रमाणे डीईसी या हत्तीरोगावरच्या औषधाच्या गोळ्या १२ दिवस, जेवणानंतर घेतल्या. या गोळ्या अळ्यांना मारतात आणि काही प्रौढ कृमींनाही. इजा झालेल्या वाहिन्या मात्र पूर्ववत करीत नाहीत. हे गोळ्या देतानाच सांगायला हवे होते, कारण गोळ्या संपल्यावर सूज तशीच पाहून मी पार खचले होते.

खरा फरक पडला तो हत्तीरोग पथकातल्या एका ताईंनी पाय धुण्याची रीत शिकवल्यावर. वारंवार येणारा ताप बहुतेकदा कृमींमुळे नव्हे, तर बोटांच्या बेचक्यांतल्या चिखल्यांतून आणि भेगांतून शिरणाऱ्या जिवाणूंमुळे येतो, कारण लसिका साचलेल्या पायात त्यांना रोखण्याची ताकद उरत नाही, हे त्यांच्याकडूनच कळले. तेव्हापासून रोज साबण आणि साध्या पाण्याने, न घासता, कातडीची प्रत्येक घडी आणि प्रत्येक बेचके धुते. मऊ कापडाने टिपून पूर्ण कोरडे करते (कंटाळा येतो तो इथेच) आणि चिखल्यांवर मलम लावते. बसताना पाय पाटावर उंच ठेवते, झोपताना त्याखाली उशी घेते, आणि टाचा उचलणे, घोटा गोल फिरवणे हे व्यायाम करते. ताप चढला तर मात्र व्यायाम बंद, पायावर थंड पाण्याची पट्टी, आणि डॉक्टरांकडून प्रतिजैविक. पाय पूर्वीसारखा झालेला नाही, पण ताप आता क्वचितच येतो.

गावातल्या सगळ्यांना हत्तीरोगाच्या गोळ्या देण्याच्या सामूहिक औषधोपचार मोहिमेच्या दिवशी आशाताईंसोबत मीही आमच्या आळीत फिरते. गरोदर स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी वगळता बाकीच्यांनी, काही त्रास नसला तरी, त्या गोळ्या घ्यायच्या असतात. नंतर थोडे गरगरले किंवा अंग तापले तर ते अळ्या मरत असल्याचे लक्षण असते, हे मी आधीच सांगते. तरीही कोणी 'रात्री घेतो' म्हणून गोळ्या खिशात टाकू लागला, तर मी पाण्याचा पेला पुढे करते आणि तो गिळेपर्यंत तिथेच उभी राहते.