डिसेंबरातले वादळ आणि शेजारच्या काकींच्या गोळ्या

मे महिन्यात वादळ आले तर गोवेकर निम्मा तयार असतो. पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरून झालेले असते, शाकारणी उरकलेली असते, वळचणीला ताडपत्री लागलेली असते, पाडेल्याने (नारळ पाडणाऱ्याने) माडाच्या सुक्या झावळ्या उतरवलेल्या असतात. नोव्हेंबर-डिसेंबरात यातले काहीच नसते. ताडपत्री दिवाळीआधीच घडी करून माळ्यावर गेलेली, होड्या पाण्यात, शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती खाणावळी) वाळूवर, आणि घराघरांत झाडलोट सुरू. त्यामुळे थंडीतले वादळ जोराने कमी असले तरी जास्त नडते.

अरबी समुद्राला हा मोसम नवा नाही. २००९ च्या नोव्हेंबरात ‘फयान’ वादळ आपल्या किनाऱ्याजवळून वर सरकत अलिबाग-मुंबईच्या दरम्यान जमिनीवर चढले. २०१९ च्या ऑक्टोबरात ‘क्यार’च्या दिवसांत नाफ्था (पेट्रोलसारखे ज्वलनशील तेल) भरलेले, माणूस नसलेले एक जहाज वाहत येऊन दोनापावलाजवळ खडकात रुतले. आणि २०१७ चे ‘ओखी’ तर गोव्यावर आलेच नव्हते. ते दूर समुद्रात होते. पण ३ डिसेंबरला पौर्णिमा होती. उधाणाची भरती आणि वादळाच्या लाटा एकाच रात्री जुळल्या, आणि मोरजी, मांद्रे, हरमलच्या शॅकमध्ये पाणी घुसले. म्हणून बातमीत ‘वादळ गोव्यापासून अमुक किलोमीटर दूर’ असे ऐकून पेडण्यातल्या किंवा सासष्टीतल्या किनाऱ्यावरच्या मित्राला ‘काही होणार नाही’ म्हणून सांगू नका. आधी तिथी बघा, भरतीची वेळ बघा, आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा इशारा बघा.

हवामान खात्याच्या पत्रकात दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, वेळ. किनाऱ्याला धोका असेल तर साधारण ४८ तास आधी ‘अलर्ट’ आणि २४ तास आधी ‘वॉर्निंग’ येते. कामे ४८ तासांच्या टप्प्यावर करायची, कारण २४ तासांवर पाडेली मिळत नाही, पेट्रोल पंपावर रांग असते आणि फार्मसीतली इन्सुलिन संपलेली असते. दुसरी, वाऱ्याचा वेग. ताशी ६२ किलोमीटरला चक्रीवादळ म्हणतात, ८९ ला तीव्र, ११८ ला अतितीव्र. आकडा दीडपट झाला की दाब सव्वादोनपट होतो, कारण वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० ला जे कौल नुसते खडखडते, ते ९० ला उडते.

आणि एक गोष्ट पत्रकात कोणी ठळक लिहीत नाही: वाऱ्याची दिशा. आपली घरे आणि झाडे नैऋत्येच्या पावसाळी वाऱ्याला सरावलेली. वादळ दक्षिणेकडून समुद्रातून वर येत असताना मात्र आपल्याकडे वारा आधी पूर्वेकडून, आग्नेयेकडून येतो, मग दक्षिणेकडून, आणि ते पुढे सरकल्यावर नैऋत्येकडून. पावसाळ्यात ज्या खिडकीला कधी कडी घालावी लागली नाही, तीच आधी आपटते. पूर्वेची कौले, मागच्या अंगणातला पत्रा, गोठ्याची बाजू हे आधी बघा. गच्चीवरची प्लास्टिकची टाकी भरून ठेवा. रिकामी ५०० लिटरची टाकी उडते, भरलेली अर्ध्या टनाची होते आणि जागची हलत नाही. नळाला पाणी नसले तर तीच कामाला येते. वीज गेली की पंपिंग थांबते, आणि पंपिंग थांबले की नळ कोरडा. २०२१ च्या मे महिन्यात ‘तौक्ते’नंतर बऱ्याच गावांत विजेपेक्षा पाण्याचेच हाल जास्त झाले.

कौलांवर ऐनवेळी चढू नका. ओल्या मंगळुरी कौलावर पाय ठरत नाही. आढ्यावरच्या कौलांचा चुना सुटलाय का, हे खालून बॅटरीने दिसते. सुटला असेल तर त्या खोलीत त्या रात्री कोणी झोपायचे नाही, एवढे पुरे.

आता माणसांचे. गोव्यात आज कितीतरी घरांत एकच म्हातारे माणूस असते. मुले लंडनला, दुबईला, पुण्याला. अशांची चौकशी आपण करतो कशी? ग्रुपवर ‘सगळे ठीक ना?’ टाकतो. त्याला दहा अंगठे येतात आणि ज्याचा फोन बंद पडलाय त्याचा अंगठा येत नाही, हे कोणाच्या लक्षात येत नाही. काकींना फोन करून ‘बऱ्या आहात ना?’ विचारले तर त्या ‘बरी आहे रे बाबा, तू तुझे बघ’ म्हणणार. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना दुसऱ्याला त्रास देणे पापच वाटते. म्हणून ‘बरी आहे’ असे उत्तर देताच येणार नाही, असे प्रश्न विचारायचे. ‘काकी, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी हातात घ्या, किती उरल्यात मोजून सांगा.’ ‘गॅस कधी बदललात?’ ‘प्यायचे पाणी किती भरून ठेवलेय?’ ‘रात्री कोणत्या खोलीत झोपणार?’ आणि सर्वांत कामाचा: ‘तुमची दुसरी किल्ली कोणाकडे आहे?’ किल्ली शेजारी असली तरी काकी आतून वरची कडी घालत असतील तर उपयोग शून्य. त्या एका रात्रीपुरते नुसते लॅच लावून झोपायला सांगा.

औषध किमान सात दिवसांचे हवे. पाणी माणशी रोज चार लिटर प्यायला-रांधायला, धुण्यापुसण्याचे वेगळे. रोख पैसे सुट्ट्या नोटांत, कारण टॉवर गेला की यूपीआय गेले, आणि पोदेराला (पाववाल्याला) पाचशेची नोट दाखवून काही होत नाही.

ज्यांच्याकडे इन्सुलिन आहे त्यांचे नीट ऐकून घ्या. वापरात असलेली कुपी किंवा पेन फ्रिजबाहेर साधारण चार आठवडे चालते, पण तापमान ३० अंशांच्या आत हवे. डिसेंबरात गोव्यात हे जमते: कुपी झाकणाच्या डबीत, डबी ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात, भांडे सावलीत. बर्फात थेट ठेवू नका. गोठलेली इन्सुलिन वितळली तरी निकामीच, आणि बघून ते कळत नाही. शिल्लक, न फोडलेल्या कुप्या फ्रिजमध्येच राहू द्या. दार न उघडता फ्रिज चारेक तास थंडावा धरतो. त्यापुढे त्या ज्याच्याकडे जनरेटर आहे अशा घरी न्यायच्या. ते घर कोणते, हे आदल्या दिवशीच ठरवायचे.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारे विजेवरचे यंत्र) असलेल्या घरी हिशेब मांडावाच लागतो. १२ व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. प्रत्यक्ष हाती येतात अकराशे-बाराशे. पंखा आणि दोन एलईडी दिवे मिळून ९०-९५ वॉट, म्हणजे बारा तास निघतात. कॉन्सन्ट्रेटर एकटाच ३५० च्या आसपास ओढतो, म्हणजे तीन-साडेतीन तास. बॅटरी चार वर्षांची असेल तर त्याच्याही निम्मे धरा. बहुतेक घरांत ‘इन्व्हर्टर आहे ना’ एवढ्यावरच विषय संपतो, आणि गफलत होते ती इथेच. ‘बी’ टाइपचा सिलिंडर जवळ ठेवा: साधारण दीड हजार लिटर, मिनिटाला दोन लिटरने बारा तासांच्या वर. रेग्युलेटर आणि त्याचा पाना सिलिंडरलाच बांधून ठेवा. डायलिसिसवाल्यांनी केंद्राला फोन करून पाळी एक दिवस अलीकडे घ्यावी. आणि एक खास आपल्याकडचा धोका: वादळानंतर पडलेल्या माडांची शहाळी वाड्यावर (वस्तीत) फुकट वाटली जातात. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ती देऊ नका. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, ते रक्तात साचले की हृदयाचे ठोके बिघडतात.

फोनचा शिस्तीने वापर करा. वीस हजार एमएएचची पॉवर बँक पाच हजार एमएएच बॅटरीचा फोन चार वेळा भरत नाही, अडीच ते तीन वेळाच भरते. सिग्नल कमजोर असला की फोन टॉवर शोधत बसतो आणि बॅटरी खातो, म्हणून मधल्या वेळात एअरप्लेन मोड. वाड्यावर तीन वेळा ठरवा, सकाळी ८, दुपारी १ आणि संध्याकाळी ६, आणि तेवढ्यापुरते फोन चालू. कॉल लागत नसेल तेव्हाही साधा एसएमएस अनेकदा जातो. त्यात एवढेच: ‘घर ठीक, वीज नाही, दोघे आहोत, औषध ५ दिवस, पुढचा मेसेज ६ ला.’ परदेशातल्या मुलांनी प्रत्येकाने आईला फोन करायचा नाही. आईची बॅटरी त्यातच संपते. एकाने शेजाऱ्याशी बोलायचे आणि बाकीच्या भावंडांना सांगायचे. सहा वाजताचा निरोप लंडनला हिवाळ्यात दुपारी साडेबाराला मिळतो, दुबईला साडेचारला. मुलांना ती वेळ आधी सांगून ठेवली की मधले घाबरे फोन बंद होतात.

दोन वेळा निरोप चुकला की कोणीतरी जाऊन बघायचे. वारा चालू असताना नाही. झोत थांबल्यावर, दोघांनी, पायी, उजेडात. स्कूटरवर जाऊ नका. झाडात लटकलेली तार स्कूटरवरून दिसत नाही. पडलेल्या तारेपासून दहा मीटर दूर राहा, ओल्या जमिनीवर त्याहून जास्त. तारेत वीज नाही असे धरून चालू नका, कारण कोणाच्या तरी घरात जनरेटर सुरू असतो. वीज खात्याला १९१२, अग्निशामक दलाला १०१, रुग्णवाहिकेला १०८, बाकी कशालाही ११२. रस्त्यावर आडव्या पडलेल्या झाडाची वाकून ताणलेली फांदी कोयत्याने तोडू नका; ती सुटून तोडणाऱ्याच्याच छातीवर बसते. ते काम अग्निशामकवाल्यांचे.

घरात गेल्यावर पडवीतूनच ‘काय, ठीक?’ विचारून परतू नका. आत जा, पाणी मागा. पाणी आणायला माणूस कसे उठते, भांडे धरताना हात थरथरतो का, बोलण्यात गोंधळ आहे का, हे त्यातच दिसते. सकाळपासून लघवी झाली का, हे सरळ विचारा. घाम, थरथर आणि विसंगत बोलणे असले आणि माणूस मधुमेही असेल तर शुद्धीवर असतानाच साखरपाणी द्या, पंधरा मिनिटे थांबा. फरक नसेल तर १०८.

ज्यांचा नंबर कोणाकडेच नसतो तीही माणसे वाड्यावर असतात. बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांतले मजूर, शॅकमध्येच झोपणारी नेपाळी, झारखंडी पोरे. मराठी-कोंकणी इशारा त्यांच्यापर्यंत पोचत नाही. हिंदीत, जाऊन, सांगावे लागते, आणि शाळेचा किंवा देवळाचा सभामंडप उघडा आहे हेही सांगावे लागते. पोदेराला विसरू नका. रोज सकाळी कोण दारात आले नाही हे वाड्यावर सगळ्यांत आधी त्यालाच कळते. एक नंबर त्याच्याकडे देऊन ठेवा.

वीज परत येते तेव्हा खरे नुकसान होते. वादळात झाड पडून खांबावरची न्यूट्रल तार तुटली असेल तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढतो, आणि फ्रिज, पंप, टीव्ही एका झटक्यात जातात. म्हणून वीज गेल्यावर मेन बंद करा. आल्यावर सगळे स्विच बंद ठेवून एकच जुना, स्वस्तातला दिवा लावा. तो डोळ्यांत खुपेल इतका तळपला किंवा मिणमिणला तर मेन पुन्हा खाली आणि १९१२. दिवा ठीक असला तर एकेक एमसीबी (खोलीवार वीज तोडणारा स्विच) वर करा. आरसीसीबी (वीज गळली की सगळी वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर ज्या एमसीबीने पडतो त्या खोलीत ओल आहे. ती एमसीबी तशीच बंद ठेवा, जबरदस्तीने वर दाबून धरू नका. जनरेटर सोप्यात नको, खिडकीखाली नको, घरापासून किमान सहा मीटर दूर. त्याचा धूर वास न येताही माणूस मारतो. आणि तो भिंतीतल्या सॉकेटमध्ये उलटा खोचणे म्हणजे खांबावर चढलेल्या लाइनमनला मारणे. चेंजओव्हर स्विच (खांबावरची वीज तोडून घर जनरेटरवर नेणारा) नसेल तर यंत्रे सरळ जनरेटरलाच जोडा.

विहिरीत पालापाचोळा, गढूळ पाणी गेले असेल तर आधी पंपाने उपसून घ्या, मग ब्लीचिंग पावडर. मात्रा हजार लिटरला अडीच ग्रॅम. गोल विहिरीतले लिटर काढायला व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळे मीटरमध्ये) गुणिले ७८५. तीन मीटर व्यास, चार मीटर पाणी म्हणजे अठ्ठावीस हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. पावडर थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटे चुना खाली बसू द्या. वरचे पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीत सोडा आणि दोराने वर-खाली हलवा. खालचा चुना टाकून द्या, तो गेला तर पाणी जड होते. तासाभराने क्लोरीनचा हलका वास यायला हवा. येत नसेल तर तीच मात्रा पुन्हा. उघडे पडलेले जुने पाकीट वापरू नका, त्यातला जोर गेलेला असतो.

झाडे उचलण्याआधी, कौले गोळा करण्याआधी फोटो काढा: घराचा नंबर दिसेल असा एक, तुटलेल्या भागाचे दोन-तीन, पडलेल्या माडांचे मोजता येतील असे. तलाठ्याचा पंचनामा होईपर्यंत फुटकी कौले अंगणाच्या कोपऱ्यात राहू द्या. कुळागरातले (माड-पोफळीच्या बागेतले) नुकसान विभागीय कृषी कार्यालयात वेगळे कळवावे लागते. एकट्या काकींच्या घराचे फोटो शेजाऱ्याने काढावेत, आणि अर्जावर सही घेताना तो त्यांना वाचून दाखवावा.