फाटके जोडे, दुसरं कडवं: 'नागरिक' अखेर बसला

सहा आठवडे ज्या एका शब्दापाशी गाडी अडली होती, तो शनिवारी बसला. तोही गिटार हातात नसताना, स्टॉकहोमच्या मेट्रोत.

कॉर्नेलिस व्रेसवाइक या गायक-कवीचं 'सोमलिगा गोर मेद त्रासिगा स्कूर' ('काहीजण फाटक्या जोड्यांनी चालतात') हे स्वीडिश गाणं मी मूळ चालीवर मराठीत आणतोय; पहिलं कडवं मागेच झालंय. तेव्हा 'बूट' घ्यावा की 'जोडे', असा वाद झाला होता. गाताना 'बूट'मधला ट मोकळा होतो, ठोक्यानंतर उगाच लोंबकळतो. 'जोडे'तला 'डे' निदान ओढता तरी येतो. तेव्हाच मात्रावृत्ताचा नाद सोडून अभंगासारखी अक्षरं मोजायला लागलो आणि अर्धी डोकेदुखी गेली.

उरलेली अर्धी दुसऱ्या कडव्यात. तिथं कॉर्नेलिस ऐकणाऱ्याला थेट हाक मारतो: मेदबॉर्यारे. म्हणजे नागरिक. शंभर वर्षांनी तू नसशील, एवढंच त्याला सांगायचंय. मी आधी 'गड्या' घेतला. गोड लागला, पण तमाशातला वाटला. 'मायबाप'नं तर थेट कीर्तनच उभं राहिलं. 'नागरिकहो' म्हटलं की माईक तपासणारा पुढारी दिसतो, शिवाय गाण्यात हाक एकालाच आहे. राहिला 'नागरिका'. अक्षरं चार, मूळ शब्दालाही चारच. पण चाल शेवटच्या 'का'वर रेंगाळते आणि ऐकणाऱ्याला प्रश्न ऐकू येतो. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "नागरी का? मग काय, ग्रामीण?" त्या दिवशी गिटार ठेवून दिली.

शनिवारी स्टॉकहोममधल्या सोदरमाल्म बेटावर कातारीना चर्चच्या आवारात कॉर्नेलिसच्या कबरीपाशी जाऊन आलो. परतताना जवळचं स्टेशन मेदबॉर्यारप्लात्सेन, म्हणजे अक्षरशः नागरिक चौक. दहादा तिथून गेलोय, कधी डोक्यात आलं नाही! गाडीत स्टेशनचं नाव सांगणाऱ्या बाईचा तो सपाट, कोरडा आवाज ऐकला आणि वाटलं, हीच हाक. सरकारी. माया नाही, रागही नाही. 'नागरिकांना कळविण्यात येते की' या जातीची.

आणि हाक मारणारा कोण? 1937 साली नेदरलँड्समध्ये आयमाउडनला जन्मलेला, 1949 मध्ये आईवडिलांबरोबर स्वीडनला आलेला. 1987 मध्ये स्टॉकहोमला वारला तोवर डचच नागरिक होता. 1968 च्या तबकडीवर हा माणूस स्वीडिश श्रोत्याला 'नागरिक' म्हणतो, तेव्हा त्यातला टोमणा 'गड्या'त कुठून येणार?

तर आता संबोधनाचा 'आ' काढून टाकला. नुसतं 'नागरिक'. 'क' पाय आपटल्यासारखा तोडायचा आणि चौथ्या अक्षराच्या जागी गप्प बसायचं. 'बूट'नं छळलं तेच पायमोडकं व्यंजन इथं कामाला आलं. बायको म्हणाली, "हं, आता अंगावर येतं." आमच्या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्रक नाही.

पुढचा बेत अठराव्या शतकातला स्वीडिश कवी बेलमन याच्या एका एपिस्टलचा, म्हणजे पत्र म्हणून लिहिलेल्या गाण्याचा होता. तो लांबला, कारण 1978 मध्ये कॉर्नेलिसनं चिलीचा गायक विक्तोर हारा याची गाणी स्वीडिशमध्ये गायली तो एलपी जुन्या बाजारात मिळालाय. स्पॅनिशवरून स्वीडिश, त्यावरून मराठी... नको, लिहितानाच घाम फुटला. आणि थांबा, तोडलेला 'क' चालतो तर तोडलेला 'ट' का नाही? म्हणजे पहिल्या कडव्यात 'बूट' परत आणता येईल. बर्फातून चालणाऱ्याच्या पायात बूटच हवेत, हे मला आधीपासूनच वाटत होतं.

रेकॉर्डिंग मात्र या आठवड्यात नाही. ऑनलाइन मागवलेला स्वस्तातला कॅपो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) तिसऱ्या पट्टीवरून सरकतो आणि खालची तार भुणभुणते. स्प्रिंगवाले घेऊ नका, स्क्रूचाच घ्या.