पाचपैकी पाच

सकाळी साडेसहाला मुलींच्या मोबाइलवर फॉर्म जातो. झोप, थकवा, अंगदुखी, ताण, मूड, प्रत्येकाला एक ते पाच गुण, पाच म्हणजे उत्तम. सरावानंतर अर्ध्या तासाने आणखी एकच प्रश्न: आजचा सराव शून्य ते दहात किती जड गेला? त्या आकड्याला सरावाच्या मिनिटांनी गुणलं की दिवसाचा भार निघतो. सत्तर मिनिटं आणि पाच, म्हणजे ३५०. अर्धा तास थांबायचं, कारण शेवटच्या धावांची धाप जिरली नसेल तर सगळाच सराव जड वाटतो.

एका व्यावसायिक महिला फुटबॉल संघासाठी मी हे आकडे सांभाळते. कोल्हापुरात तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने बघत वाढले. आज मैदानाच्या कडेला उभी राहून बावीस मुलींची व्हेस्ट तपासते, याचा मला अभिमान आहे. व्हेस्टमध्ये पाठीवर जीपीएसचं यंत्र असतं, सेकंदाला दहा नोंदी घेणारं. आमच्याकडे ते आलं तेव्हा त्यात पुरुषांसाठीचे वेगाचे टप्पे होते, ताशी २५ किलोमीटरच्या वर गेलं तरच स्प्रिंट. त्या हिशेबाने माझ्या निम्म्या मुलींनी आठवडाभर एकही स्प्रिंट मारली नव्हती! २०१९ च्या महिला विश्वचषकाच्या विश्लेषणात फिफाने १९ च्या वर वेगवान धाव आणि २३ च्या वर स्प्रिंट, हे टप्पे वापरले होते. मी तेच लावले. माझ्या आधी हे कुणाला खटकलंच नव्हतं, याचा राग अजून गेलेला नाही.

तो एप्रिलमधला मंगळवार होता. सराव मध्यम होता, बहुतेकींनी पाच दिले होते. आमच्या एका विंगरने आठ दिले. तिचं अंतर, वेग, धावांची संख्या, सगळं नेहमीसारखंच होतं. सकाळचा फॉर्म तर पाचपैकी पाच, पाचही रकान्यांत. मागचे तीन आठवडे उघडून पाहिले. तिचा आकडा पाचाचा सहा, सहाचा सात असा चढत आला होता. आणि फॉर्म रोज हिरवागार.

तो चढ मला आधी दिसला नव्हता असं नाही. संघाची सरासरीही वर सरकत होती आणि मी उन्हाला दोष देऊन मोकळी झाले होते. ऊन खरंच होतं, पण बाकीच्या अर्ध्या गुणाने चढल्या होत्या आणि ही तीनने.

जेवणानंतर तिला बाजूला बसवलं. हिंदी तिचीही मातृभाषा नाही, माझीही नाही, त्यामुळे दोघी सावकाश बोललो. झोप? ठीक, मॅम. पाय? ठीक, मॅम. मग मी वही मिटली आणि पाळीबद्दल विचारलं. ती चटकन म्हणाली, "चार महिने आलीच नाही. बरंच झालं ना मॅम, फिटनेस वाढलाय." वजनावरून कुणीतरी बोललं होतं तेव्हापासून तिने रात्रीचा भात सोडला होता. नडगी दुखत होती, पण फॉर्म कोचच्या मोबाइलवर दिसतो हे तिला ठाऊक होतं. तीन लिहिलं तर शनिवारी बाकावर बसावं लागेल, हा तिचा हिशेब चुकीचा नव्हता.

चार महिने पाळी नाही म्हणजे वाट बघायची नाही. डॉक्टरांनी गर्भधारणा, थायरॉइड, बाकीची हार्मोन्स आधी तपासून घेतली. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडावर ताण आलेला दिसला, तडा अजून गेला नव्हता. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर आधी पाळी बंद करतं आणि मग हाडं पोखरली जायला लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने याला २०१४ मध्ये 'रेड-एस' हे नाव दिलं. मी हे शिकलेली आहे, परीक्षेत लिहिलेलं आहे. २०१९ चा विश्वचषक जिंकणाऱ्या अमेरिकेच्या संघात पाळीची नोंद ठेवली जात होती, हेही मला माहीत होतं. तरी माझ्या फॉर्ममध्ये पाळीचा रकाना नव्हता. आधीच्या माणसाने बनवलेला फॉर्म मी तसाच चालवला. स्प्रिंटचे टप्पे बदलायला मला एक दुपार लागली होती.

कोचनी विचारलं, "झालं काय तिला?" मी सांगितलं, वैद्यकीय कारण आहे, परत कधी ते डॉक्टर सांगतील. ते चिडले. माणूस वाईट नाही, पण शनिवारच्या पलीकडे त्यांना दिसत नाही.

ती अजून मैदानाबाहेर आहे. आहारतज्ज्ञ तिच्याबरोबर जेवायला बसते. पहिल्या रात्री भात पानात तसाच राहिला होता.

आता मी प्रत्येकीचा आकडा तिच्याच मागच्या चार आठवड्यांशी ताडून बघते, संघाच्या सरासरीशी नाही. पाळीचा प्रश्न घातलाय, त्याचं उत्तर फक्त डॉक्टर आणि मी बघतो. बाकीचे गुणही कोचना दिसू नयेत, फक्त आज कोण सरावाला आहे आणि कोण नाही एवढंच कळावं, असं मी सुचवलं. त्यांनी एक आठवडा करून बघू म्हटलंय. आज तिसरा दिवस. सकाळी अंगदुखीच्या रकान्यात चौघींनी दोन लिहिलंय. गेल्या महिन्याभरात त्या रकान्यात तीनच्या खाली कुणीच गेलं नव्हतं.