पोकळीचं ड्रॉइंग

शनिवार, रात्री

एल लिसित्स्की या रशियन चित्रकाराची चित्रं दोन दिवस डोक्यातून जात नाहीत. आमच्या बेळगावात चित्र म्हटलं की के. बी. कुलकर्णींची व्यक्तिचित्रं आठवतात. त्या डोळ्यांना ही चित्रं परकी वाटायला हवीत. पण उद्यमबागेत फौंड्रीसाठी ड्रॉइंगं करणाऱ्या मला ती लगेच ओळखीची वाटली. ठोकळे, पट्ट्या, तिरपे कोन. कशाखालीही जमीन नाही, आणि बऱ्याच ठिकाणी समांतर रेषा शेवटपर्यंत समांतर. ही तर आपली आयसोमेट्रिकची रीत, म्हणजे वस्तूच्या तीन बाजू एकदम दाखवायच्या, पण लांबचं लहान करायचं नाही!

माणूस जर्मनीत डार्मश्टाटला आर्किटेक्चर शिकलेला. १९१९ मध्ये व्हितेब्स्कच्या कलाशाळेत शिकवायला गेला, तिथं निव्वळ भौमितिक आकारांची चित्रं काढणाऱ्या मालेविचचा सहवास लाभला आणि ‘प्रौन’ चित्रं सुरू झाली. चित्रकलेतून वास्तुकलेकडे जाताना गाडी बदलायचं स्टेशन म्हणजे प्रौन, असं तो म्हणायचा.

शाळेत शिकवलेल्या पर्स्पेक्टिव्हमध्ये खानापूरकडं जाणारे रूळ लांबवर एका बिंदूत मिळतात, कारण बघणारा एका जागी उभा आहे असं धरलेलं असतं. लिसित्स्कीला नेमकं तेच नको होतं. लोबाचेव्हस्की, गाऊस, रीमान या गणितज्ञांनी युक्लिडच्या भूमितीची चौकट हलवली, मग चित्रानं एका डोळ्याला का बांधून घ्यावं? आज ३० अंशाचा सेटस्क्वेअर लावून एक ब्रॅकेट काढत होतो. कोपऱ्याकडं जरा वेळ बघत राहिलं की आत गेलेला कोपरा बाहेर येतो. कारखान्यात हा घोळ परवडत नाही, म्हणून शेजारी प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन द्यायचं. तो मात्र हा घोळ मुद्दाम ठेवतो. एकाच चित्रात अक्ष बदलतो, म्हणजे बघणाऱ्याला मनानं चित्राभोवती फिरावंच लागतं. १९२३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात तर त्यानं अख्खी खोलीच प्रौन केली. भिंतींवरचे लाकडी आकार माणसाला आत चालवत नेतात.

मला सगळ्यात भावला तो त्याचा प्रामाणिकपणा. त्या काळी चौथ्या मितीची कलावंतांत मोठी हवा होती. यानं १९२५ च्या निबंधात स्पष्ट लिहिलं, की बहुमितीय अवकाश गणितात आहे, पण तो चित्रात दाखवता येत नाही. विज्ञानाचा मान राखणं म्हणतात ते हे.

पोकळी हाही लाकूड-लोखंडासारखा घडवायचा एक माल आहे, असं लिसित्स्कीच्या काळातल्या रचनावादी (कन्स्ट्रक्टिव्हिस्ट) कलावंतांचं म्हणणं. फौंड्रीत हे रोज दिसतं. पंपाच्या केसिंगमधली पोकळी आधी वाळूच्या कोअरमध्ये, म्हणजे साच्यात ठेवायच्या गाभ्यात, भरीव घडवावी लागते, मग तिच्याभोवती वितळलेल्या धातूचा रस ओततात. आमच्या कोअर करणाऱ्या काकांना प्रौनची चित्रं मोबाईलवर दाखवली. त्यांनी फोन आडवा-उभा करून बघितला आणि विचारलं, “ह्यात वर कुठली बाजू?” काही प्रौन कुठूनही बघता यावीत अशीच केलेली आहेत, हे त्यांना सांगितल्यावर त्यांनी फोन परत मागून घेतला.

सोमवारी एकाच ब्रॅकेटला दोन वेगळे अक्ष देऊन काढून बघणार आहे. डायमेन्शन एकही घालणार नाही.