जुलाबाचं पान

फिलाडेल्फियात जुन्या पुस्तकांची डागडुजी करून मी पोट भरते. शिकले मात्र पुण्यात, पोथ्यांवर. त्यामुळे कुठलंही पुस्तक हातात आलं की आधी त्याच्या कडा बघायची खोड काही जात नाही.

गेल्या हिवाळ्यात एक आजोबा बुटाच्या खोक्यातून एक पुस्तक घेऊन आले. कापडी बांधणी, पुठ्ठा सुटलेला, आकार कोटाच्या खिशात मावेल एवढा. सॅम्युएल ग्रॉस यांचं 'मॅन्युअल ऑफ मिलिटरी सर्जरी', १८६१. म्हणजे आमच्या गावचंच पुस्तक. ग्रॉस इथल्या जेफरसन मेडिकल कॉलेजात सर्जरी शिकवायचे. थॉमस ईकिन्सच्या १८७५ च्या त्या गाजलेल्या चित्रात काळा कोट घालून, रक्ताळल्या हाताने उभे असलेले पांढऱ्या केसांचे डॉक्टर ते हेच. १८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेचं यादवी युद्ध पेटलं. गावोगावचे डॉक्टर फौजेत भरती झाले, पण त्यांतल्या कित्येकांनी जन्मात कुणाचा पाय कापलेला नव्हता. ग्रॉसनी नऊ दिवसांत हे पुस्तक लिहून काढलं, असं ते स्वतःच आत्मचरित्रात सांगतात. पुढे दक्षिणेकडच्यांनी रिचमंडला तेच छापून वापरलं. दोन्ही बाजूंचे हातपाय एकाच पुस्तकाबरहुकूम कापले गेले म्हणायचे.

आजोबांनी खूण घातलेलं पान उघडलं. अँप्युटेशनचं प्रकरण. पानावर तळव्याएवढा तांबूस डाग.

"हे रक्त आहे," ते म्हणाले. "माझ्या पणजोबांचे वडील फौजेत सर्जन होते. पुस्तक शेजारी उघडं ठेवून ऑपरेशन करायचे. डाग तेवढा जाऊ देऊ नका."

त्या प्रकरणाचं वजन मलाही ठाऊक होतं. त्या युद्धातल्या बंदुकांची मिनिए गोळी मऊ शिशाची. हाडावर आदळली की चपटी व्हायची आणि हाडाचा चुरा करायची. असा पाय वाचवण्यात बहुतेकदा अर्थ नसे. कापायचाच तर लगेच, सूज आणि ताप चढायच्या आत, असं तेव्हाचं शास्त्र होतं आणि ते बरोबर होतं. जखम धडाच्या जितकी जवळ तितकी जगण्याची आशा कमी. दातांत गोळी धरून सैनिक ओरडतोय, हे सिनेमातलं दृश्य मात्र विसरा. क्लोरोफॉर्म आणि ईथर सर्रास वापरत. नव्हतं ते जंतूंचं ज्ञान. जखमेतले जंतू मारायला शिकवणाऱ्या लिस्टर या सर्जनचे लेख आले १८६७ मध्ये, युद्ध संपून दोन वर्षं झाल्यावर. तोवर एकच स्पंज बादलीत पिळून पुढच्या जखमेला.

मी खोलीतला दिवा मालवला आणि अतिनील दिवा लावला. त्या उजेडात रक्त काळंशार दिसतं. हा डाग मधे फिका आणि कडेला चमकणारी पांढरट रेघ. मागची पुढची पानं उलटली, तर तोच डाग प्रत्येक पानावर लहान लहान होत गेलेला. ओल कडेकडून आत शिरली होती आणि वाळताना मळ किनारीला सोडून गेली होती.

"पाणी आहे," मी म्हटलं. "तळघरातलं असेल."

ते काही बोलले नाहीत. मला उगाच अपराधी वाटलं. मग पुस्तक बंद करून मी त्याची खालची कड दाखवली. सगळी पानं बऱ्यापैकी स्वच्छ, पण मागच्या बाजूला एक जाड काळसर पट्टा. आमच्या आजीच्या गुरुचरित्रात चौदावा अध्याय असाच बाहेरून ओळखू यायचा. बोटं लागून लागून त्या पानांचे कोपरे मऊ, काळे पडलेले. इथला चौदावा अध्याय कोणता ते बघू म्हणून उघडलं. ग्रॉसनी शेवटी औषधांची मिश्रणं दिली आहेत. अफू आहे, पारा आहे. कोपरे फडक्यासारखे झालेले आणि जुलाबावरच्या औषधांपाशी समासात पेन्सिलीने ओढलेल्या तीन रेघा.

"जुलाब?" आजोबांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

त्यांना सांगितलं, त्या युद्धात जेवढे सैनिक मेले त्यातले जवळपास दोन तृतीयांश रोगांनी मेले. गोळीला लढाई लागते, अतिसाराला छावणी पुरते. संडासाचे चर विहिरीजवळ, डबक्यातलं पाणी, खारवलेलं मांस. तुमच्या पूर्वजांनी पाय कापले असतीलच, पण ते दोन-चार वेळा वाचून हाताला बसलं असेल. हे पान ते रोज उघडत होते. शिवाय त्यातलं पाऱ्याचं कॅलोमेल पुढे १८६३ मध्ये उत्तरेच्या सर्जन जनरलनेच औषधांच्या यादीतून काढून टाकलं, तर डॉक्टरमंडळी केवढी खवळली!

ते कोपरे जपानी कागद आणि गव्हाची खळ लावून भक्कम करायचा माझा बेत होता. आजोबांनी हात लावू दिला नाही. मग पुठ्ठा तेवढा बसवला, कणा शिवला, खोका करून दिला. अहवालात लिहिलं: पाण्याचा डाग, पृष्ठांची वापराने झालेली झीज.

दोन आठवड्यांनी त्यांचा फोन आला, पुस्तक छान झालंय म्हणून. "एक सांगतो, रागावू नका," म्हणाले. "नातवंडांना मी रक्तच सांगितलंय."