पाठीला पाठ लावून

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून दे, असा निरोप आला आणि मला सगळ्यात आधी आठवली ती बेंचवरच्या जोडीदाराची पाठ. घामानं भिजलेली, माझ्या पाठीला टेकलेली.

साल १९९४, आठवीचा वर्ग. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं (पहिलीपासून आलं ते २००० साली), म्हणजे शिकून तीन वर्षं झाली होती. भाषांतर जमायचं, काळांचे तक्ते पाठ होते. पण इंग्रजीत बोला म्हटलं की सगळ्यांच्या माना खाली. नव्या बाईंनी पहिल्याच दिवशी फळ्यावर गणित मांडलं: तास ३५ मिनिटांचा, पोरं ६४. "मी अख्खा तास गप्प बसले तरी एकेकाच्या वाट्याला जेमतेम अर्धं मिनिट येतंय. जोड्या करा. ३२ तोंडं एकदम चालू देत."

गोंगाट असा व्हायचा की शेजारच्या वर्गातले सर डोकावून जायचे. खरं सांगायचं तर पहिला आठवडा त्या गोंगाटात आम्ही पेठेतल्या फुटबॉलच्या गप्पाच मारल्या, त्याही मराठीत. बाईंनी ते ओळखलं आणि कागद वाटायला सुरुवात केली. एकाकडे आमच्या कोल्हापूर शहराचा नकाशा, दुसऱ्याकडे तोच नकाशा पण नावं गाळलेला. पाठीला पाठ लावून बसायचं, वळून बघायचं नाही. माहिती एकाकडेच, त्यामुळं बोलल्याशिवाय सुटकाच नाही.

मी जोडीदाराला बिंदू चौकातून अंबाबाईच्या देवळात नेलं, महाद्वारातून बाहेर काढलं. तिथून रंकाळ्याकडं सरळ जायचं. पण 'स्ट्रेट' हा शब्द ऐन वेळी सुचेना, म्हणून दिलं ठोकून 'राईट'. थोड्या वेळानं मागून आवाज आला, "मर्दा, व्हेअर इज वॉटर?" बघतो तर यानं रंकाळा नेऊन पंचगंगेच्या घाटाशेजारी मांडलेला.

बाई मध्ये कुणाला थांबवत नसत. हातातल्या छोट्या वहीत टिपून घ्यायच्या आणि तास संपताना पाच मिनिटं त्यातली वाक्यं फळ्यावर लिहायच्या, नाव न घेता. 'माय फादर डेली मार्केट यार्ड गोज.' क्रियापद शेवटी, मराठीच्या सवयीनं. हे वाक्य माझंच होतं. हसायला मीच पहिला.

सगळ्यात गाजला तो गुळाचा सौदा. फडक्यात गुंडाळलेले डस्टर म्हणजे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा. अडत्या झाला हमालाचा पोरगा, जो वर्षभरात 'प्रेझेंट मॅडम'च्या पलीकडं गेला नव्हता. "धिस गूळ, नो ब्लॅक! सी कलर! टेक, टेक!" व्याकरणाचं मातेरं, पण भाव त्यानं पाडू दिला नाही. आम्ही विचारलं, रव्याला इंग्रजीत काय म्हणायचं? बाई म्हणाल्या, "रवाच म्हणा. गिऱ्हाईक विचारेल, तेव्हा समजावून सांगा. त्या निमित्तानं आणखी चार वाक्यं होतील." गॅदरिंगमधले घोकून म्हटलेले इंग्रजी संवाद मला आजही फुकाचे वाटतात, ते या सौद्यामुळं.

आता मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत आहे. मागच्या पावसाळ्यात जर्मनीतल्या गिऱ्हाइकाचा फोन आला, कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवेनं पडलेलं भोक, निघालंय म्हणून. नेट बंद, त्यांनी पाठवलेला फोटो काही उघडेना. त्यांच्या हातात तुकडा, माझ्यापुढं ड्रॉइंग. खुर्ची भिंतीकडं फिरवली, डोळे मिटले आणि म्हणालो, "सर, स्टार्ट फ्रॉम द टॉप लेफ्ट कॉर्नर. नाऊ गो स्ट्रेट."