काळी चार, काळी एक

वेळापत्रकात ‘संगीत’ असं छापलेलं असायचं. आम्ही त्याला पेटीचा तास म्हणायचो आणि शिकवणाऱ्यांना पेटीमास्तर. त्यांचं आडनाव मला सातवीत कळलं, तेही शाळेत आलेल्या एका पाकिटावरून. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर तो तास मागून घ्यायचे. मास्तर एका शब्दाने नाही म्हणायचे नाहीत, आणि याचा आम्हालाच जास्त राग यायचा.

शाळेची पेटी जिन्याखालच्या खोलीत असे. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, दाबलेली पट्टी वर यायची नाही. भात्याचं चामडं झुरळांनी कुरतडू नये म्हणून मास्तर आत डांबरगोळ्या ठेवत. आजही बायकोने कपड्यांचं कपाट उघडलं की मला आधी भूप राग आठवतो.

एकदा मधल्या सप्तकातला पंचम, म्हणजे ‘प’, गप्प झाला. मास्तरांनी आम्हा आठ-दहा जणांना भोवती बसवून पेटी उघडली. आत पितळी सुरांची रांग, प्रत्येकाला एक पातळ जीभ. त्यांनी वहीच्या कागदाची बारीक पट्टी फाडली, जिभेखाली सरकवली आणि अलगद ओढली. कागदावर धुळीचा एवढासा कण आला आणि पंचम बोलायला लागला. शेजारचा धैवत (‘ध’) जरा उतरलेला होता. त्याला छोटी कानस लावत म्हणाले, “टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. जास्त घासलं की मिरज.” म्हणजे एसटीच्या मागच्या बाकावर पेटी मांडीवर घेऊन मिरजेला दुरुस्तीची फेरी. त्या फेरीला त्यांच्याबरोबर मी दोनदा गेलोय.

थोर पेटीवादक गोविंदराव टेंब्यांचं नाव घेताना मास्तर कानाच्या पाळीला हात लावत. पण पेटीचं उगाच कौतुक त्यांनी कधी केलं नाही. आकाशवाणीवर 1940 पासून पेटीला बंदी होती, ती 1971 मध्ये सैल झाली. मास्तरांची ऐन उमेद त्या बंदीतच गेली. आम्ही चिडून विचारलं तर म्हणाले, “त्यांचं अगदीच खोटं नव्हतं. पेटीत मींड येत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही.” मग तंबोरा लावून त्यांनी गंधार, म्हणजे ‘ग’, ऐकवला. पियानो काय नि पेटी काय, सप्तकाचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले, त्यामुळे पेटीचा गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. आम्हाला तेव्हा फरक कळला नाही, माना मात्र सगळ्यांनी डोलावल्या. गाणारा गंधारावर थांबला की मास्तरांचं बोट तिथे जेमतेम टेकायचं. त्याचं कारण पुढे संगीताच्या प्रवेशिका परीक्षेची तयारी करताना लक्षात आलं.

आता माझी फजिती. आठवीतलं स्नेहसंमेलन, नाट्यपद माझ्याकडे. पट्टी, म्हणजे गाण्याचा ‘सा’, काळी चार (पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी), महिनाभर तालीम झालेली. मंडपात मुखडा कसाबसा निघाला, पण अंतऱ्यात वरचा षड्ज (‘सा’) घ्यायला गेलो आणि आवाज फाटला. नुसता फाटला नाही, कोंबड्यासारखा ओरडला. पुढच्या रांगेतल्या मुली हसल्या, मग सगळा मंडपच हसला. मी आत पळायच्या बेतात होतो.

मास्तरांनी वर पाहिलंसुद्धा नाही. थोडा वेळ ते एकटेच वाजवत राहिले, जणू तो तुकडा पदात पहिल्यापासूनच होता. वाजवता वाजवता सूर खाली खाली आला आणि काळी एकवर येऊन थांबला. मग पुटपुटले, “हं, घे.” मी घाबरतच मुखडा धरला. तो माझ्या नव्या, घोगऱ्या आवाजात नीट बसला. तबला थांबला नाही की खटकला नाही. पद पुरं झालं, टाळ्याही पडल्या. आत आल्यावर ते एवढंच म्हणाले, “उद्यापासून प्रार्थनेला मागच्या रांगेत उभा राहा. मोठ्या मुलांत.”

मास्तर निवृत्त झाल्यावर मी दिवाळीला त्यांच्याकडे जात असे. शेवटच्या भेटीत त्यांची बोटं आखडली होती, भाता मीच मारला. स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळचा तबला मला तोवर बरीच वर्षं छळत होता. तो लावला होता काळी चारला. पट्टी अशी मध्येच बदलली की तबला बेसूर वाटायला हवा. पण काळी एक ‘सा’ धरली की तिचा पंचम म्हणजे काळी चारच, आणि तबला पंचमाला लावलेला असला तरी सुरातच वाटतो. काळी तीन धरली असती तर सगळा विचका झाला असता. मी विचारलं, “मास्तर, एवढा हिशेब तुम्ही तेव्हा बसल्या जागी केलात?”

त्यांनी पट्ट्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, “मग काय करणार? तबला उतरवायला वेळ कुठे होता?”